तीन फुंकरा

हे सगळं एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली झालं. होळीला सुरू झालं आणि गौरी यायच्या आत संपलं. त्या वर्षी केजच्या बाजारपेठेत माझ्या भावाच्या, संगमेश्वरच्या, भांड्यांच्या दुकानात काचेची खोली करून एसटीडीचा फोन बसवला होता. बाहेर पिवळी पाटी लागली होती, आणि त्या फोनवरून त्याच्या मुलीच्या फुप्फुसांविषयी मद्रासशी बोलणं चालायचं. हे साल मी विसरले होते असं नाही. पण जुनं पातेलं माळ्यावर मागे सरकवून ठेवावं तसं ते ठेवलं होतं. गेल्या महिन्यात पुण्यात एका मुलीनं ते खाली काढलं. माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय, त्याआधी भूल झेपेल का हे बघायला श्वासाची तपासणी करतात. तिनं माझ्या नाकाला चिमटा लावला, नळी ओठात धरायला सांगितली आणि ओरडायला लागली, "फुंका आज्जी, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" मी फुंकलं. का फुंकलं ते मला अजून कळलेलं नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं मी कुणासमोर पूर्ण श्वास सोडला नव्हता. पडद्यावरची रेघ वर चढत गेली आणि ती मुलगी हसली. "बाप रे, एकशे बारा टक्के! तुमच्या वयाच्या बायकांना इतकं येत नाही. गाणं म्हणायचात का?" "शाळेत शिकवायचे," मी म्हटलं. "आधी कधी केली होती ही टेस्ट? फॉर्मवर लिहायचंय." मी नाही म्हणणार होते. पण दाराशी माझी काठी धरून रुचिका उभी होती. ती संगमेश्वरची धाकटी मुलगी, आता पस्तिशीची आहे. तीच बोलली, "केली होती. अठ्ठ्याण्णव साली. तेव्हा नापास झाली होती." ती मुलगी म्हणाली, "मग तेव्हाचं मशीन बिघडलेलं असणार." "असेल," रुचिका म्हणाली आणि तिनं काठी माझ्या हातात दिली. रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती, पण बाहेर बघत होती. मीही दुसरीकडून बाहेर बघत होते.

रुचिकाची मोठी बहीण शिवांजली. मी तिची आत्या, पण तिला न्हाऊमाखू मीच घातलेलं. माझं लग्न नेकनूरला झालं होतं आणि अकरा महिन्यांत मी परत आले होते, तेव्हापासून माहेरीच. जिल्हा परिषदेच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली. घरात मला सगळे अक्का म्हणायचे, फक्त त्या दोघी आत्या म्हणायच्या. शिवांजली सोळाची असताना तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. मग खोकल्यातून. गावातल्या डॉक्टरनं फोटो काढला, छातीत डाग दिसले, आणि त्यानं क्षय सांगितला. आमच्याकडे छातीत डाग म्हणजे क्षयच. दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या मनातही येत नाही. चौदा महिने ती क्षयाची औषधं घेत राहिली. तिची लघवी लाल व्हायची, तोंडाला चव राहायची नाही, तिची ताटवाटी आम्ही वेगळी ठेवली होती. ती ताटवाटी मीच वेगळी केली होती हे मला इथे सांगायला हवं. एक दिवस तिनं वेणी घालताना आरसा खाली ठेवला आणि म्हणाली, "आत्या, माझं नाक बसलंय गं." खरंच बसलं होतं. मधला दांडा आत गेला होता, शेंगेवर पाय पडावा तसा. तेव्हा कुठे तिला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं एका परदेशी माणसाचं नाव असलेला रोग सांगितला, आमच्या घरात ते कुणाला कधी नीट म्हणता आलं नाही. शरीराची राखण करणारं रक्तच शरीराच्या बारीक नळ्यांवर उलटतं, ते म्हणाले, नळ्या सुजतात, फुटतात, नाक, फुप्फुस, मूत्रपिंड, जिथे जाईल तिथे. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील ईश्वरप्पा, पंचाऐंशीचे होते पण कान शाबूत होते. ते म्हणाले, "म्हंजी राखणदारानंच कोठार पेटवलं म्हणा की." डॉक्टर म्हणाले, "बरोबर. तसंच."

गोळ्यांनी रोग वर्षभर शांत राहिला. गोळ्यांनी तिचा चेहरा परातीसारखा गोल झाला, आणि त्या गोल चेहऱ्यात ते बसलेलं नाक. बाजारात बायका विचारायच्या, "पोरगी चांगली भरली की गं, आता उरकून टाका." रोग गेला पण फुप्फुसं गेलेली परत येत नव्हती. जाळलेल्या बांधासारखी ती काळी, आवळलेली राहिली. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, खाटेवरून उठून मोरीपर्यंत जायची तर मध्ये दोनदा थांबायची. आडवं झोपलं की जीव घुसमटायचा, म्हणून पाठीला गादीची गुंडाळी लावून बसूनच झोपायची. बीडहून प्राणवायूची नळकांडी जीपमधून यायची, माणसांच्या पायांत आडवी टाकलेली, वर कुणीतरी पाय ठेवून बसलेलं. नळकांडं बदलायचं काम माझं. चाकी फिरवली की सूं करून आवाज यायचा आणि तिचा चेहरा सैल पडायचा. तो आवाज मला आवडायचा. मी दिलेला श्वास होता तो, तेव्हा मला असंच वाटायचं.

आणि मग होळीच्या आदल्या आठवड्यात पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "एक रस्ता आहे." अमेरिकेत मेलेल्या माणसाची फुप्फुसं मिळाली नाहीत तर दोन जिवंत नातेवाइकांच्या फुप्फुसांचा एकेक तुकडा घेतात. एकाचा उजवीकडचा खालचा, दुसऱ्याचा डावीकडचा. देणारा जगतो, थोडा दम कमी पडतो इतकंच. मुलगी लहानखोर आहे, तिला तेवढं पुरेल. तिकडून शिकून आलेले एक सर्जन मद्रासला आहेत, ते तयार आहेत. आपल्याकडे असं अजून झालेलं नाही, दहातले पाच वाचतात असं तिकडचे आकडे सांगतात. "आणि न केलं तर?" संगमेश्वरनं विचारलं. "दिवाळी दिसणार नाही," डॉक्टर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना वेळ नव्हता.

रक्त जुळलं ते तिघांचं. बापाचं, मामाचं आणि माझं. आई शिवम्मा, तिचं जुळेना. मामा उत्तरेश्वर धावत आला होता, छाती ठोकत, "काय लागंल ते घ्या," पण त्याच्या छातीचा फोटो बघून डॉक्टरनं त्याला परत पाठवलं. चाळीस वर्षांच्या बिड्या त्यात होत्या. होळीच्या दिवशी जेवायला सगळे बसलो होतो. मी पोळीवर दूध वाढत होते. आप्पा म्हणाले, "एक बाप झाला. दुसरं कोण?" आप्पांनीच पुढे म्हटलं, "अक्का हाय की. तिच्या मागं कोण हाय? एकटा जीव, अर्ध्या दमावर बी भागतंय." शिवम्मा म्हणाली, "आप्पा, असं नका बोलू," पण हळू बोलली, आणि तिचे डोळे माझ्या छातीवर होते, चेहऱ्यावर नव्हते. तेव्हा खाटेवरून शिवांजली बोलली. तिला एका दमात चार शब्दांच्या वर बोलता यायचं नाही, म्हणून ती तोडून तोडून बोलायची. "आत्याला एवढा दम... लागतोय कशाला? कुणाला हाका मारायच्यात तिला?" सगळे हसले. कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणी हसलं होतं, संगमेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मीही हसले. दूध वाटीबाहेर गेलं नाही. पण ते वाक्य माझ्या आत कुठेतरी जाऊन बसलं. त्यात खोटं काय होतं? मी शाळेत मुलींना हाका मारायचे, हजेरीत, मैदानावर, पण त्या हाका सरकारी होत्या. घरी मी कुणाला हाक मारत नव्हते. मला हाका मारल्या जायच्या. अक्का पाणी, अक्का नळकांडं, अक्का जरा बघ गं. रात्री अंथरुणावर पडून मी पूर्ण श्वास आत घेतला आणि धरून ठेवला. छाती वर आली, गळ्यातलं इष्टलिंग छातीसोबत वर आलं. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगातलं काहीतरी कुणालातरी हवं होतं. नेकनूरच्या माणसाला नको होतं ते. आता हवं होतं, तर तेही असं, ताटात वाढून, हसत.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. संगमेश्वरला वाटलं, मला लिंगाचं अवघड वाटतंय. आम्ही लिंगायत; दीक्षा झाल्यापासून लिंग अंगावेगळं करायचं नाही, रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मेल्यावरही ते हातातच राहतं. छाती उघडायची तर ते काढावं लागणार. तो न सांगता मठात जाऊन आला. संध्याकाळी सायकल भिंतीला लावता लावता म्हणाला, "अक्का, स्वामींना विचारून आलो. ऑपरेशनपुरतं दंडाला बांधलं तरी चालतंय म्हणले, दोष न्हाई." तो इतका खूश होता. मग जरा वेळानं म्हणाला, "आता कावून गप हायस?" "काही नाही," मी म्हटलं, "विचार करतेय, शाळेत रजा कशी टाकायची." त्यानं माझ्या पायाला हात लावला. माझ्या भावानं माझ्या पायाला त्याच्या लग्नानंतर तेव्हाच पहिल्यांदा हात लावला.

पुण्याच्या डॉक्टरांनी एक गोष्ट मला हसत सांगितली होती. "बाई, फोटो स्वच्छ आहे. आता फक्त श्वासाची टेस्ट. तीन वेळा फुंकायचं, तिन्ही सारखे यायला पाहिजेत. माणूस चोरून फुंकायला लागला की एक असा येतो, एक तसा येतो, आम्हाला लगेच कळतं." टेस्ट नऊ दिवसांनी होती. आमच्या मागच्या अंगणात अंघोळीच्या पाण्याची चूल होती. गॅस आला होता पण पाणी तुराट्यांवरच तापायचं. पहाटे सगळ्यांच्या आधी मी उठायचे, चूल पेटवायचे, आणि पेटलेल्या चुलीशी लोखंडी फुंकणी घेऊन बसायचे. पूर्ण श्वास घ्यायचा. तो मनात नऊपर्यंत मोजता येईल इतका होता. फुंकर चारलाच थांबवायची, पण तोडल्यासारखी नाही, संपल्यासारखी. गाल ताणायचे, मान पुढे काढायची, डोळ्यांत पाणी आणायचं. फुंकणीच्या टोकासमोर मी राखेची ढिगुळी करायचे. पहिल्या फुंकरीला राख जितकी सरकली तितकीच दुसरीला, तितकीच तिसरीला. पाचव्या दिवशी तिन्ही सारख्या आल्या. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, गणित सुटल्यासारखा आनंद झाला. मागे वळले तर रुचिका उभी होती, नऊ वर्षांची, बोटाला दंतमंजन लावलेली. "आत्या, विस्तव तर कवाच पेटलाय की. आता काय फुकतीस?" "पाणी तापू दे," मी म्हटलं. ती दात घासत राहिली.

टेस्टच्या दिवशी लिंग छातीवर होतं. मी ते पोलक्यावरून मुठीत धरलं होतं आणि फुंकत होते. चार, चार, चार. सुई कागदावर तीन बुटक्या टेकड्या काढत गेली, एकीवर एक ठेवल्या तर एकच दिसावी अशा. डॉक्टर कागद बघत राहिले. फोटो परत उजेडात धरला. "फोटो स्वच्छ, पण ताकद निम्मीच. किती वर्षं शिकवताय?" "बावीस." "खडू," ते म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला कारण शोधावंही लागलं नाही. बाहेर बाकावर संगमेश्वर बसला होता. तो काहीतरी ओरडेल, भिंतीवर डोकं आपटेल अशी मी तयारी केली होती. तो उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अक्का, मनाला लावून घिऊ नको. तू तरी काय करशील? आमाला आधी कळायला पायजे हुतं, तुला दम लागतोय ते." परत येताना एसटीत त्यानं मला खिडकीची जागा दिली, वारा लागावा म्हणून.

त्या दिवसापासून मी आजारी झाले. शिवम्मा मला चुलीपुढे बसू देईना, "वन्स, तुमी नका फुकू, तुमचं आधीच तसं." शाळेत मला खडू न लागणारं काम दिलं, हजेऱ्या आणि मुलींना वाटायचा तांदूळ. जिना चढताना मी मध्ये थांबायला लागले. आधी थांबायचं म्हणून थांबायचे. पुढे पाय आपोआप थांबायचे. संगमेश्वर काचेच्या खोलीतून मद्रासला विचारत राहिला, एकाच तुकड्यावर होईल का, दुसरं कुणी परकं चालेल का. काचेतून त्याचं तोंड हलताना दिसायचं, आवाज यायचा नाही. एकावर होणार नव्हतं. परक्याचं घेणार नव्हते. जून गेला, जुलै गेला. नळकांडं आधी तीन दिवस पुरायचं, मग दोन, मग रोज एक लागायला लागलं. चाकी फिरवली तरी आता तिचा चेहरा सैल पडायचा नाही.

एका दुपारी तिनं दूध मागितलं. मी पेला आणला, गरम होतं. "फुंकर मार ना," ती म्हणाली. तिला स्वतःला फुंकर मारता येत नव्हती. मी खाटेच्या कडेला बसले, पेला दोन्ही हातांत धरला आणि फुंकर मारली. मला वाटतं, त्या क्षणी मी फक्त तिची आत्या होते, तिला लहानपणी पेज निववून देणारी, आणि म्हणून मी विसरले. साय एका फुंकरीत पलीकडच्या काठाला जाऊन गोळा झाली आणि दूध पेल्याबाहेर उडून तिच्या चादरीवर सांडलं. ती चादरीवरच्या डागाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. त्या गोल चेहऱ्यात, बसलेल्या नाकाच्या वर, तिचे डोळे मात्र होते तसेच होते. "आत्या," ती म्हणाली आणि थांबली, श्वास घेतला, "लई दम हाय की गं... तुझ्यात." ती रागावली असती, रडली असती, आईला हाक मारली असती तर मी तिच्या पायाशी पडले असते, त्याच दिवशी पुण्याला गेले असते. अजून वेळ होती की नव्हती ते मला माहीत नाही. तिनं तसलं काही केलं नाही. हसली, त्या होळीच्या दिवशी हसली तशीच, आणि हात पुढे केला. "दे. निवलं आसंल." तिनं दूध घोटघोट प्यायलं, सगळं. मी चादर धुवायला घेऊन गेले. त्यानंतर ती अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांत ती कुणाशीही काहीही बोलू शकत होती. बोलली नाही. हे तिनं माझ्यावर दया म्हणून केलं की शिक्षा म्हणून, ते मी इतकी वर्षं तपासत आलेय. फुंकणीसमोरच्या राखेसारखं ते कधी इकडे सरकतं, कधी तिकडे.

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि बसवून पुरतात. तिला न्हाऊ घालून बसवलं तेव्हा शिवम्मा म्हणाली, "माझी बाई बसून बसूनच दमली गं, आता तरी आडवी होऊ द्या." दोन वर्षं ती बसून झोपत होती, बसून गेली, आणि शेतातल्या खड्ड्यात तिला बसवलंच. डाव्या हातात लिंग ठेवलं, भोवतीनं विभूती आणि बेलाची पानं भरली. विभूती उडून सगळे खोकले. मीही तोंडावर पदर धरला. संगमेश्वरनं माझा दंड धरून मला बाजूला नेलं, "अक्का, तू लांब थांब, तुला सोसायचं न्हाई."

आप्पा पुढच्याच वर्षी गेले, शेवटपर्यंत जेवण सुटलं नाही त्यांचं. उत्तरेश्वरनं भाचीच्या तेराव्याला बिडी सोडली आणि महिन्याभरात परत धरली; तो अजून आहे, त्र्याऐंशीचा. संगमेश्वरच्या काचेच्या खोलीत मोबाइल आल्यावर कुणी येईना, मग त्यात त्यानं स्टीलचे डबे रचले. दहा वर्षांपूर्वी दुकानातच बसल्या जागी तो गेला. त्याच्या खिशात मद्रासच्या डॉक्टरांचा नंबर लिहिलेला घडीचा कागद होता, सात आकडी नंबर, कधीच बंद झालेला. शिवम्मा केजलाच राहते, एकटी, आणि दर होळीला मला फोन करून विचारते, "वन्स, दम कसाय?" मी म्हणते, "हाय तसाच." मी निवृत्त झाल्यावर रुचिकानं मला पुण्याला आणलं, तिच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली बघून दिली. लिफ्ट नाही. दर रविवारी बाजारातून येताना ती माझ्या एकेक पायरीबरोबर थांबायची, जिन्याच्या वळणावर माझ्या पाठीवर हात फिरवायची, "दम खा आत्या, घाई न्हाई." इतकी वर्षं.

त्या तपासणीच्या दिवशी जिन्याशी आल्यावर ती मला एकच बोलली. "आत्या, विस्तव तर पेटला हुता ना गं." उत्तराची वाट न बघता तपासणीच्या कागदांची पिशवी घेऊन वर चढायला लागली. ऑपरेशनची तारीख तिनं घेतलीय, रजाही टाकलीय, सगळं करते. रविवारीही येते. फक्त आता ती पुढे निघून जाते, आणि मी पहिल्या वळणावर कठडा धरून उभी असते. आता खरंच थांबावं लागतं. गुडघे वळत नाहीत. मग मी खालून हाक मारते. रुचिका. माझी हाक तीन मजले स्वच्छ वर जाते, कुठेही तुटत नाही. वरचं दार उघडल्याचा आवाज येतो, मग लावल्याचा.